चळवळीचा पासवर्ड कुणाच्या खिशात?



भवानीनगरच्या साखर कारखान्याच्या परिसरात आम्ही काही कार्यकर्ते काम करतो. शिष्यवृत्तीच्या तक्रारी, माहिती अधिकाराचे अर्ज, सगळा पत्रव्यवहार एका सहकाऱ्याच्या फुकट ईमेलवरून चालायचा. त्याचा मोबाईल हरवला, पासवर्ड आठवेना. तीन वर्षांचं दफ्तर गेलं. दोष त्याचा नाही. चळवळीचा पत्ता एकाच्या खिशात ठेवला, ही चूक आम्हा सगळ्यांची.

मग वर्गणी काढून डोमेन घेतलं, जुन्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाकलं. पहिल्या रात्री लॉगिनच होईना. युजरनेममध्ये मी नुसतं नाव टाकत होतो. आमच्या सर्व्हरला पूर्ण ईमेल पत्ता हवा होता. येणारी मेल आयमॅपने, पोर्ट ९९३. जाणारी एसएमटीपीने, पोर्ट ४६५ किंवा ५८७. पॉप मुद्दाम टाळलं. त्यात मेल एका मशीनवर उतरते, सेटिंग न बदलल्यास सर्व्हरवरून पुसलीही जाऊ शकते. म्हणजे दफ्तर पुन्हा एकाच्याच घरात! आयमॅपमध्ये ते सर्व्हरवर राहतं, जबाबदार सगळ्यांना दिसतं.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं, पुढं भारतभूषण छापखाना उभा केला. आपलं म्हणणं मांडायचं तर साधनंही आपली हवीत.

सर्व्हर भाड्याचाच आहे, मान्य. पण डोमेन संघटनेचं असेल तर कंपनी बदलता येते, पत्ता तोच राहतो. फक्त नूतनीकरणाची तारीख चुकवू नका, बॅकअप ठेवा.

तुमच्या संघटनेचा पासवर्ड आज किती जणांकडे आहे? पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच घ्या.

जयभीम!