‘तुझी जीभ वळायची नाहीं’

पुण्याला विद्येचें माहेरघर म्हणण्याचा प्रघात आहे. वर्गांत हें वाक्य मीही पुष्कळदां उच्चारलें आहे. परंतु ह्या माहेराचें दार सर्वांना सारखेंच उघडें असतें काय, हा प्रश्न मला ३५ वर्षांच्या शिक्षकी पेशांत कधीं पडला नाहीं. तो पडला सेवानिवृत्तीनंतर, भर रस्त्यांत. ती हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

माझें बालपण सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत गेलें. शाळेंत संस्कृत सुरू होण्यापूर्वींच वडिलांनीं मला रूपावलि आणि अमरकोश यांचें पाठांतर लावून दिलें होतें. पहाटे स्नान करून मी ओटीवर बसें आणि ‘हरिः हरी हरयः’ घोकीं. उंबऱ्याच्या आंतल्या बाजूस आजी वाती वळीत बसलेली असे. तिला अक्षरओळख नव्हती. तिच्या लहानपणीं भावांना शिकवावयास घरीं पंतोजी येत. तिला मात्र त्यांच्यापुढें कोणी बसविलें नव्हतें. एके दिवशीं तृतीयेच्या बहुवचनाशीं मी अडखळलों. आंतून आवाज आला, “हरिभिः म्हण रे!” वडील चकित झाले. ऐकून ऐकून आजीला अर्धी रूपावलि मुखोद्गत झाली होती. “मला कुणी शिकवलं असतं तर...” एवढेंच बोलून ती थांबली आणि पुन्हा वाती वळूं लागली. तें अपुरें वाक्य मला आजही ऐकूं येतें.

पुढें मॅट्रिक होऊन मी शिक्षक झालों. शाळेचें नांव सांगण्याचें कारण नाहीं, कारण दोष माझा आहे. आठवीच्या आरंभीं संपूर्ण संस्कृत घ्यावयाचें कीं नाहीं, हें मुलांना ठरवावें लागे. इ. स. १९८८ च्या सुमारास एक मुलगा माझ्या टेबलापाशीं येऊन उभा राहिला. त्याची आई आमच्याच आळींत धुणीभांडी करी. “सर, मला संपूर्ण संस्कृत घ्यायचंय.” मीं त्याचे गुण पाहिले नाहींत, त्याच्याकडे पाहिलें, आणि अगदीं हितबुद्धीनें म्हणालों, “अरे, तुझी जीभ वळायची नाहीं. हिंदी घे, सोपं जाईल.” तो मान हलवून निघून गेला. मी तें विसरलों.

२०२४ च्या जूनमध्यें अप्पा बळवंत चौकांत पुस्तकांसाठीं गेलों असतां गर्दींतून एक गृहस्थ पुढें आला आणि पायां पडला. तोच तो! बरोबर तेरा वर्षांची मुलगी आणि पिशवींत आठवीचीं पुस्तकें. “हिला संस्कृत घ्यायचंय, सर. पण तुम्ही सांगितलं होतंत तें खरंच. आमच्या घरांत जीभ जडच. हिला तरी जमेल का?” त्याच्या स्वरांत उपरोध असता तर मला बरें वाटलें असतें. तो नव्हता. माझें एक वाक्य त्यानें तीन तपें आप्तवचन म्हणून सांभाळलें होतें, आणि आतां तें मुलीच्या वांट्याला जाऊं पाहत होतें. क्षमा मागावयाची होती. पण त्या वेळीं वळेना ती माझीच जीभ. “रविवारीं हिला माझ्याकडे आण,” एवढेंच कसेंबसें म्हणालों.

परततांना बुधवार पेठेंत भिडे वाड्याच्या जागेवरून आलों. ह्याच वाड्यांत इ. स. १८४८ मध्यें जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. जागा देणारे तात्यासाहेब भिडे आपल्याच समाजांतले. शाळेला विरोध करणारांतही आपले लोक होते. जीर्ण झालेला तो वाडा डिसेंबर २०२३ मध्यें स्मारकासाठीं पाडण्यांत आला. डॉ. आंबेडकरांना शाळेंत संस्कृत शिकावयाचें असूनही तें नाकारलें गेलें व फारसी घ्यावी लागली, हेंही मीं वर्गांत अनेकदां सांगितलें होतें, आणि नाकारणाऱ्या शिक्षकाला मनांतून दोष दिला होता. तोच शिक्षक माझ्या खुर्चींत बसलेला आहे, हें मात्र ध्यानीं आलें नव्हतें. त्यानें जातीकडे बोट दाखवून नकार दिला. मीं जातीचें नांवही न घेतां, कळवळ्यानें दिला. एवढाच काय तो भेद.

‘शिक्षणाचें महत्त्व’ ह्या विषयावर मीं मुलांकडून शेंकडों निबंध लिहवून घेतले, आणि सुभाषितें घालणाऱ्यांना अधिक गुण दिले. आज वाटतें, तें महत्त्व ज्यांना शिक्षण मिळालें नाहीं त्यांनाच विचारावें. माझ्या आजीला तें ठाऊक होतें. आणि ‘तुला येणार नाहीं’ हेंही एक शिक्षणच आहे. दुर्दैवानें विद्यार्थी तें कधींच विसरत नाहींत.

ती मुलगी आतां दर रविवारीं येते. तिचा विसर्ग आमच्या आळींतल्या कित्येक मुलांहून चोख आहे. परवां तिचा बाप तिला न्यावयास लौकर आला आणि उंबऱ्याबाहेरच ऐकत उभा राहिला. मीं त्याला आंत बोलावून तिच्याशेजारीं सतरंजीवर बसविलें. “आतां ह्या वयांत, सर?” तो संकोचला. त्याची मुलगीच म्हणाली, “बाबा, हरिभिः म्हणा.”

त्यानें म्हटलें. स्वच्छ म्हटलें.