नाण्यावरून एवढंच कळतं

वसई

प्रिय ताई,



शाळेच्या वाचनालयाच्या यादीतून रहस्यकथा वगळायच्या, असं तुमचं मत पडलं आहे. त्यांची नुसती चटक लागते, विचार काही मिळत नाही, हा तुमचा आक्षेप. मला वाटतं, पुरावा आणि अंदाज यांतला फरक मुलांना सर्वांत सहज उमगतो तो प्रकरणांच्या रहस्यकादंबरीतच. एका बैठकीत संपणाऱ्या कथेत ते साधत नाही. तिसऱ्या प्रकरणात ज्याच्यावर संशय घेतला तो सातव्यात निर्दोष ठरतो, आणि मधले दोन-तीन दिवस मुलानं तो संशय मनात बाळगलेला असतो. आपण चुकलो हे कुणी न रागावता त्याचं त्यालाच कळतं. एरिख केस्टनरच्या १९२९ च्या कादंबरीत एमिल नावाच्या मुलानं नोटा कोटाच्या खिशात टाचणीनं टोचून ठेवलेल्या असतात; त्या चोरीला जातात, तेव्हा चोराकडच्या नोटांना भोकं सापडतात आणि पैसे कुणाचे ते ठरतं. किती साधा पुरावा, आणि दहा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातला! भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेत धाडस अधिक आणि तर्क कमी, हे मला मान्य आहे. पण फुरसुंगीचा एक किडकिडीत मुलगा मोठ्यांच्या नजरेतून सुटलेलं टिपतो, हे मराठी मुलांना त्यांनीच दाखवलं. तर्काची बाजू हवी तर सत्यजित राय यांचा गुप्तहेर फेलूदा मराठीत आलेला आहेच.

‘असं आपल्याकडे कुठे घडतं?’ या तुमच्या प्रश्नाला वसईजवळच्या सोपाऱ्याकडे बोट दाखवावंसं वाटतं. बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी टेकडी १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी खणली, तेव्हा आतून स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेल्या डब्या, भोवती बुद्धांच्या आठ लहान मूर्ती आणि सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचं एक चांदीचं नाणं. आता मुलांना विचारा, पेटी कधीची? बहुतेक मुलं लगेच म्हणतील, यज्ञश्रीच्या काळची. पण नाण्यावरून एवढंच कळतं, की ते पाडलं जाण्याआधी पेटी शेवटची बंद झालेली नाही. मूळ स्तूप त्याहून जुना असू शकतो, आणि नाणं कितीतरी वर्षं हातोहात फिरूनही तिथे पोचलेलं असू शकतं. ‘एवढंच कळतं’ म्हणून थांबायला चांगली रहस्यकादंबरी शिकवते. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्याला त्याच वर्षी मिळाला. नवव्याचा तुकडा जवळच्याच भुईगावला सापडायला १९५६ उजाडलं. दोन धाग्यांमध्ये चौऱ्याहत्तर वर्षं!

या जातीची वाईट पुस्तकं पुष्कळ आहेत, हे खरं. ती ओळखायची एक खूण आहे. शेवटच्या प्रकरणात ज्या गोष्टीवरून उलगडा होतो, ती आधी वाचकाच्या डोळ्यांसमोरून गेलेली असली पाहिजे. लेखकानं ती लपवून ठेवली असेल तर पुस्तक खुशाल नाकारा. तिथे मी तुमच्याच बाजूनं आहे. मात्र सगळा प्रकारच हद्दपार केला, तर वसई-विरारवर अशी कादंबरी लिहिणारं कुणी तुमच्या वर्गांतून कसं तयार होईल? नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा वसईहून आलेली, असं सांगतात. तिच्यावर १७२१ साल आहे आणि चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली १७३९ मध्ये. मधली अठरा वर्षं ती कोणत्या चर्चच्या मनोऱ्यात वाजत होती? पहिल्या प्रकरणाला एवढा प्रश्न पुरे.

आपला स्नेही