पायाला पुन्हा शिकवताना

हाड मोडलं की ते सगळ्यांना कळतं. एक्स-रेत दिसतं, प्लॅस्टर चढतं, ते कधी काढायचं याची तारीख ठरते. लिगामेंटचं तसं नाही. साध्या एक्स-रेत ते उमटतच नाही. सूज ओसरली की पाय बाहेरून धडधाकट दिसतो, माणूस बाजारात जातो, सफाळे स्टेशनचा जिना चढतो, आणि धावायला निघाला की थोड्याच वेळात घोट्याच्या बाहेरच्या बाजूला ओळखीची कळ येते. ‘अजून दुखतंय?’ असं आमच्या माकुणसार गावात रोज कुणी ना कुणी विचारतं. विचारण्यात माया असते. पण चालताना दुखत नाही आणि धावताना दुखतं, हे पटवून देणं फार अवघड जातं.

माझा पाय केळव्याच्या किनाऱ्यावर मुरगळला. ओहोटीनंतरच्या घट्ट ओल्या वाळूवर धावण्यासारखं सुख नाही. सुरूच्या बनाकडे वळलं की मात्र वाळू भुसभुशीत होते, आणि तिथेच पाऊल आत वळलं. घोट्याच्या बाहेरच्या अंगाला तीन लिगामेंट असतात. पाऊल असं वळलं की त्यांतलं पुढचं बहुतेकदा आधी ताणलं जातं, नाहीतर फाटतं. माझं तेच झालं.

मग सुरू झाले सल्ले. आंबेहळदीचा लेप, गरम पाण्याचा शेक, क्रेप बँडेज, आणि सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द: आराम. बर्फ आणि आराम हा सल्ला जगभर रुजला तो अमेरिकेतल्या डॉ. गेब मिर्किन यांच्या १९७८ च्या पुस्तकापासून. त्याच मिर्किन यांनी २०१४ मध्ये लिहिलं की बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांमुळे भरून येणं उलट लांबू शकतं. स्वतःच्या नावावर जगभर चाललेला सल्ला छत्तीस वर्षांनी स्वतःच मागे घेणं सोपं नसतं. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

पहिले काही दिवस पाय जपावा लागतो, त्याला पर्याय नाही. पण नंतर काय घडतं ते फिजिओने समजावलं तेव्हा माझा सगळा विचारच बदलला. लिगामेंटला रक्तपुरवठा तोकडा, त्यामुळे स्नायू जितक्या लवकर भरतो तितक्या लवकर ते भरत नाही. फाटलेल्या जागी शरीर कोलॅजनचे नवे तंतू घालतं, पण सुरुवातीला ते कसेही, वाटेल त्या दिशेने पसरतात. त्यांना दिशा मिळते ती भारामुळे. ज्या अंगाने ओढ बसते त्या अंगाने तंतू हळूहळू रांगेत येतात आणि दाट होतात. केळवे-माहीमच्या वाड्यांत पानवेल जशी दिलेल्या आधाराच्या अंगानेच चढते, तसंच हे. भार दिलाच नाही तर तंतू वाढतात, पण विस्कटलेले राहतात. अवेळी जास्त दिला तर तुटतात. ही जुळवाजुळव महिनोन्‌महिने चालते, कधी वर्षाच्याही पुढे जाते. पायाला रोज किती भार सोसवेल, एवढं ओळखण्यातच सगळा उपचार आहे.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यांत विलक्षण वाटते. लिगामेंट नुसती दोरी नाही. पाऊल कोणत्या कोनात आहे, किती कललंय, याची खबर मेंदूला देणारी बारीक चेतासूत्रं त्यात असतात. फाटताना तीही दुखावतात. म्हणून एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो: वेळेवर सावरायला मेंदूला बातमीच उशिरा पोचते. सकाळी पडवीत दात घासताना मी त्या एकाच पायावर उभा राहतो. डोळे उघडे असेपर्यंत ठीक. मिटले की घोट्याच्या पुढच्या शिरा कातडीखाली थरथरायला लागतात, चवडा कधी आत, कधी बाहेर झुकतो, अंगठा लादी पकडू पाहतो. चांगल्या पायावर उभा राहिलो तर तो तेवढाच वेळ स्तब्ध असतो. त्या थरथरीतच पाय शिकत असतो, म्हणून ती थांबावी अशी घाई मी करत नाही.

या काळात अविनाश साबळेंचा विचार मनात सारखा येतो. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा मुलगा तीन हजार मीटर स्टीपलचेस धावतो. म्हणजे अठ्ठावीस अडथळे, सात पाण्याच्या उड्या, आणि अडथळा ओलांडला की दर वेळी एकाच पायावर सगळं वजन. २०१८ मध्ये घोट्याच्या दुखापतीने त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. त्याच वर्षी भुवनेश्वरला त्यांनी ८ मिनिटं २९.८० सेकंदांत शर्यत पुरी केली आणि गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढे २०२२ मध्ये राष्ट्रकुलचं रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण. आणि जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून गुडघ्याचं लिगामेंट दुखावलं. बातम्यांमध्ये पदकं येतात, पडणंही येतं. या दोन्हींच्या मधले जे महिने एका पायावर तोल सांभाळत, रबराचा पट्टा ओढत जातात, त्यांबद्दल आपल्याकडे कुणी लिहीत नाही. खेळाडूचं खरं शौर्य मला त्या महिन्यांत दिसतं.

बोईसरला फिजिओकडे बसलो होतो तेव्हा शेजारी तारापूर एमआयडीसीतला एक कामगार होता. त्याची टाच दुखत होती. पाळीभर सिमेंटच्या फरशीवर उभं राहायचं काम. त्याचा प्रश्न एकच: आठ तास उभा कधी राहू शकेन? आमच्या आळीतल्या आजींना मी विचारलं, लावणीच्या दिवसांत पाय मुरगळला तर काय करायचात? त्या म्हणाल्या, “फडकं आवळायचं नि चिखलात उतरायचं. चिखलात कुणाला दिसतोय पाय?” त्यांचा डावा घोटा अजून जाड आहे, आणि बांधावरून जाताना त्या तो पाय जरा बाहेर टाकतात. कधी थांबायचं, किती चालायचं, हे ठरवायची मुभा त्यांना कधी मिळाली नाही. मला ती मिळालीय. एवढ्याचसाठी मला हा पाय नीट करायचाय. मनाला वाटलं म्हणून एक दिवसही पळणार नाही.

सध्या केळव्याकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यावर थोडं पळतो, थोडं चालतो, पुन्हा पळतो. कळ आली तर तिला लगेच घाबरत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाय कसा आहे ते बघतो. सूज नसेल, जिना उतरताना ताठरपणा नसेल, तर कालचा भार सोसवला. असेल तर आज कमी. जानेवारीची मुंबई मॅरेथॉन यंदा नाही, हे मी उघडपणे सगळ्यांना सांगून टाकलंय. त्यामुळे ‘कधी पळणार?’ या प्रश्नाची धार गेली. वाळूवर मात्र अजून जात नाही. तिथे प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं, आणि ते फिजिओने सगळ्यांत शेवटी ठेवलंय. त्याआधी पायरीवर एका पायाने टाच उचलणं, मग जागच्या जागी उड्या, मग आडव्या उड्या. आडव्या उड्या या आठवड्यात सुरू झाल्यात.