रात्र त्याची

रात्री आठला मी हात धुतो आणि मग ते एकमेकांवर चोळून गरम करतो. हात धुवायला नर्सिंगच्या कॉलेजात शिकवलं होतं, गरम करायला कुणी शिकवलं नाही. ते त्याच्या शरीराने शिकवलं. तो विशीतला आहे, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, जोडीला फिट्स, जेवण पोटातल्या नळीने. गार हात अचानक लागला की त्याचं अंग ताठतं, मान मागे जाते, गुडघे एकमेकांवर आवळतात. तो ताठा उतरायला कधी वीस मिनिटं लागतात, आणि रात्रीची तेवढी मिनिटं गेली की झोप गेलीच म्हणून समजायचं. म्हणून आधी आवाज, मग हात. "दादा, डाव्या कुशीवर घेतोय हं." तो झोपेत असला तरी सांगतो. जागा असला तर थांबतो. डोळे वर गेले म्हणजे हो, घट्ट मिटले म्हणजे नको.

पुण्यात कर्वेनगरातल्या या घरी मी रात्रपाळी करतो, आठ ते आठ. नऊला औषधं. प्रत्येक गोळी वेगळी कुटायची, पाण्यात कालवायची, नळीतून द्यायची आणि दोन औषधांच्या मध्ये साधं पाणी सोडायचं, नाहीतर नळी तुंबते. हळूहळू विरघळणारी गोळी मात्र कुटायची नाही, रात्रभर पुरायचं औषध एकदम अंगात उतरतं. तशी गोळी कुणी लिहून दिली तर मी डॉक्टरांना फोन करून बदलून घेतो. मग दूध, पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून. पुढचा तासभर त्याला सपाट झोपवत नाही. पोटातलं वर आलं आणि श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया, आणि या मुलांचे जीव बऱ्याचदा न्यूमोनियानेच जातात.

कूस बदलणं हे रात्रीचं मुख्य काम. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन थोडंसं कलतं, म्हणजे भार खुब्याच्या हाडावर येत नाही. गुडघ्यांमध्ये एक उशी, टाचा अधांतरी. बॅटरी हाताआड धरून माकडहाड, खुबे, टाचा, कानाची पाळी बघायची. लाल डाग दिसला तर बोटाने दाबायचा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. तसाच लाल राहिला तर आत जखम सुरू झालेली असते.

तक्त्यावर लिहिलेलं होतं, दर दोन तासांनी. पहिले काही महिने मी तो तक्ता घड्याळासारखा पाळला. मग लक्षात आलं, बारा ते तीन हीच त्याची गाढ झोप, आणि दोन वाजता मी ती रोज मोडत होतो. एअर मॅट्रेस होती, कातडी चांगली होती. डॉक्टरांशी बोलून आम्ही मधली कूस काढून टाकली आणि तीन वाजता कातडी जास्त निरखून बघू लागलो. त्याच्या फिट्स झोप अपुरी झाली की वाढतात, त्यामुळे ही झोप म्हणजे औषधच होतं. या कामात हात न लावणं शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

हात लावायचा नाही तर ऐकायचं. मॅट्रेसच्या पंपाची गुणगुण थांबली की वीज गेली, इन्व्हर्टर लागला की नाही बघायचं. घशात लाळ साठल्याची घरघर ओली असते, तिला सक्शन लागतं, तेही दहा-पंधरा सेकंदांपुरतंच. नाक चोंदल्याची घरघर कोरडी, तिला नुसती मान वळवली तरी पुरतं. दात खाल्ल्याचा आवाज आला तर बहुतेक कुठेतरी दुखतंय. आणि श्वास क्षणभर अडून पलंगाची दांडी थरथरली की फिट. त्याला कुशीवर घ्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटं झाली तर नाकात मिडाझोलमचा फवारा. त्या पाच मिनिटांत काहीतरी करावंसं वाटतं, चमचा, पाणी, कांदा, काहीही. हाताला तेव्हा एकच काम द्यायचं, त्याच्या डोक्याखाली राहायचं.

हे आवाज मला त्याच्या आईने, म्हणजे काकूंनी, शिकवले. बावीस वर्षं त्या जागल्या होत्या. मी आलो तेव्हा पहिला महिना त्या खोलीचं दार फटभर उघडं ठेवून पडायच्या आणि मी उठायच्या आत उठून बसायच्या. "भाऊ, हा खोकला नाही, तो हाक मारतोय," असं अंधारातून सांगायच्या. चूक असायची नाही. त्यांना झोपा म्हणणं सोपं होतं, पण जे कान इतकी वर्षं त्याला जपत होते ते बंद कसे करायचे? मी सांगून त्या झोपल्या नाहीत. त्यांच्याआधी मला ती हाक ऐकू यायला लागली, तेव्हा दार लागलं.

तो अठरा वर्षांचा झाल्यावर मुलांच्या डॉक्टरांनी मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९चा, त्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडून पालकत्वाचा कागद काकूंनी घेतला. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात काळजीवाहू भत्त्याचा शब्द आहे. माझा पगार मात्र त्या त्यांच्या पेन्शनमधून देतात, आणि दर महिन्याला पाकीट घेताना मला ते जड वाटतं.

एक चूक सांगतो. सुरुवातीला मी दहाला टीव्ही बंद करायचो, तक्त्यात "दहाला झोप" होतं म्हणून. तो डोळे घट्ट मिटायचा आणि मी समजायचो, झोपला. तो नको म्हणत होता. तेवीस वर्षांच्या कुठल्या मुलाला दहाला दिवा मालवून झोपवतात? त्याला मॅच बघायची असायची.

१८ जानेवारी २०२१च्या रात्री मी मास्कमधूनच विचारलं, "गॅबाच्या टेस्टचा शेवटचा दिवस पहाटेच सुरू होईल. उठवू?" डोळे वर, आणि बराच वेळ वरच. त्या रात्रीचं सगळं आम्ही पुढे-मागे केलं. तीनला कूस, साडेचारला लाळ काढून तोंड पुसलं, पलंग वर, मान टीव्हीकडे, दूध नंतर. आवाज अगदी बारीक. रोहित शर्मा लवकर बाद झाला आणि दादाच्या घशातून असा आवाज निघाला की काकू केस मोकळे, अनवाणी धावत आल्या. "फिट?"

"नाही काकू. रोहित गेला."

त्या पलंगाच्या कडेला बसल्या. सहाची कूस आम्ही साडेसहाला बदलली, ओव्हर संपल्यावर, त्याने डोळे वर नेले तेव्हा.