बक्षिसाची वाटणी

पैशाचे आकडे वाचायला मला फार आवडते. जे आपल्याजवळ नसते त्याचे वाचन माणूस अधिक मन लावून करतो, त्यातलाच हा प्रकार. माझे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबले आणि गणिताशी माझे सख्य कधी जमले नाही. पण अमुक खेळाडूला सरकारने इतके दिले असे वाचले, की मी वर्तमानपत्राच्या कडेला पेन्सिलीने भागाकार करू लागतो. सौभाग्यवती विचारते, "त्यातला एक रुपया तरी आपल्या घरी येणार आहे का?" येणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण न्याय-अन्यायाचा हिशेब दुसऱ्याच्या पैशावरच नीट करता येतो. आपला पैसा मध्ये आला की हात कापतो.

२०२४ च्या जुलै महिन्यात असाच एक भागाकार मी करीत बसलो होतो. भारताच्या क्रिकेट संघाने ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला. क्रिकेट मंडळाने संघाला १२५ कोटी रुपये जाहीर केले, मुंबईत माणसांना रस्ते पुरेनात, आणि आपल्या राज्य सरकारनेही विधानभवनात सत्कार करून वर ११ कोटी जाहीर केले. सगळीकडे आनंदीआनंद चालला असता चिराग शेट्टी या मुंबईच्या बॅडमिंटनपटूने एक साधा प्रश्न विचारला. थॉमस करंडक म्हणजे बॅडमिंटनचा विश्वचषकच. तो २०२२ साली भारताने प्रथमच जिंकला, अंतिम सामन्यात इंडोनेशियाला ३-० असे नमवून जिंकला, आणि त्या संघात महाराष्ट्राचा खेळाडू तो एकटाच होता. मग त्याची आठवण कोणालाच कशी झाली नाही? क्रिकेटवर आपला राग नाही, ते जिंकले याचा आपल्यालाही आनंदच आहे, हेही त्याने सांगून टाकले. चांगल्या घरचा मुलगा पंगतीत वाढप्याला हाक मारतो, तशी ती हाक होती.

आमच्या शेजारचे एक पेन्शनर गृहस्थ म्हणाले, "अहो मास्तर, जिथे माणसे तिथे पैसा. तुमचे ते फूल इकडून तिकडे मारणे कोण बघतो?" हे बोलणे मला अर्धे पटते. क्रिकेट मंडळाचे १२५ कोटी बघणाऱ्यांच्या खिशातून आले. ते त्यांनी कोणाला द्यावेत हा त्यांचा प्रश्न. पण सरकारची तिजोरी निराळी. तिच्यात क्रिकेट न बघणाऱ्या म्हातारीने घेतलेल्या साबणाच्या वडीचाही कर पडलेला असतो. त्या तिजोरीने टाळ्यांचा आवाज मोजून हात सैल सोडावा, हे मला रुचत नाही.

आणि टाळ्यांचा तरी काय भरवसा! १९५२ साली गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मग या गड्याने कुस्त्या लढून लोकांचे पैसे फेडले. १९८४ साली ते गेले. अर्जुन पुरस्कार आला तो त्यांच्या पश्चात. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला २०२४ चा ऑगस्ट उजाडावा लागला. कोल्हापूरकडच्याच स्वप्निल कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकले. सरकारने आधी एक कोटी जाहीर केले, पुढे त्याचे दोन झाले. तरी हरियाणा याहून पुष्कळ अधिक देते, अशी नाराजी त्याच्या वडिलांनी उघडपणे बोलून दाखवली. काहींना ती हावरटपणाची वाटली. मला नाही वाटली. बापाने मुलाच्या वतीने मागितले तर त्यात लाजण्यासारखे काय आहे?

गंमत अशी, की एकाच खेळाच्या पोटातही सवती-सवती असतात. महाराष्ट्र केसरीची कुस्ती पाहा. एक विभाग मातीचा, दुसरा गादीचा. दोन्हीकडचे विजेते शेवटी समोरासमोर येतात आणि गदा एकालाच मिळते. २०२५ साली अहिल्यानगरला गादीवाला पृथ्वीराज मोहोळ आणि मातीवाला महेंद्र गायकवाड अशी गाठ पडली आणि गदा गादीकडे गेली. माझ्यासारख्या मातीच्या अभिमान्याला वाटते, की शेवटची झुंज गादीवर लावणे म्हणजे विहिरीत पोहणाऱ्याला समुद्रात ढकलून शर्यत लावणे. गादीवाले म्हणतील, ऑलिंपिकमध्ये माती कुठे आहे? त्यांचेही खोटे नाही. खाशाबा मातीतूनच गादीवर गेले होते; १९४८ साली लंडनला ते सहावे आले आणि चार वर्षांनी पदक घेऊन आले.

आमच्या नागपूरच्या दिव्या देशमुखचा आकडा तर मी कोरून ठेवला आहे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीला तिने महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकला, ग्रँडमास्टर झाली. बक्षीस ५० हजार डॉलर. त्याच वर्षी गोव्यात खुला विश्वचषक झाला. तिथे विजेत्याला १ लाख २० हजार. तिकडे खेळाडू सुमारे दुप्पट होते, हे मान्य. पण पट तोच, चौसष्ट घरे तीच, आणि घोड्याची चाल अडीच घरांचीच! टेनिसवाल्यांनी हा तंटा विम्बल्डनला २००७ साली मिटवला. राज्य सरकारने दिव्याला ३ कोटी दिले, ते योग्य केले. खो-खोचा पहिला विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये झाला, तेव्हाही इथल्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी मिळाले. आणि त्याच विजेत्या संघांतल्या कर्नाटकच्या दोघांना त्यांच्या सरकारने पाच-पाच लाख देऊ केले, ते त्यांनी नाकारले. एकाच मैदानावर एकाच खांबाभोवती पळालेली मंडळी! खेळापेक्षा राज्याची हद्द महाग पडते म्हणायची.

आता हे सारे दुसऱ्यांचे पैसे. यंदा मात्र भागाकार माझ्याच हाती आला. एका माजी विद्यार्थ्याने आईच्या नावे आमच्या शाळेला बारा हजार रुपये पाठवले— "खेळात नाव काढणाऱ्यांस द्यावेत." वाटायला आम्ही पाच जण बसलो.

कामठीत राहून फुटबॉलविषयी वाकडे बोलू नये, हे मला कळते. इंग्रजांनी १८२१ साली इथे छावणी वसवली. गोऱ्या पलटणी गेल्या, पण चेंडू इथेच राहिला. रब्बानी क्लबचा सामना असला की चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघत नाही. आमच्या शाळेच्या सोळा पोरांच्या संघाने तालुका जिंकला होता. दुसरीकडे नववीतली एक मुलगी तीन हजार मीटरच्या शर्यतीत जिल्ह्यात दुसरी आली होती. घरी आई विड्या वळते. ही मुलगी चुलतभावाचे कॅनव्हासचे बूट घालून, पुढे चिंधी कोंबून धावली होती.

खेळाचे मास्तर म्हणाले, "सर, फुटबॉलले सारा गाव येते. तिचं पळणं कोण पाहून राह्यलं होतं?"

मी म्हणालो, "मी पाहून राह्यलो होतो." (खरे म्हणजे मी आणि पाण्याची कॅन वाहणारा शिपाई.)

दोन तास वाद झाला. सगळे पैसे सतरा जणांत सारखे वाटावेत, असे एकाचे मत. पहिल्या नंबरालाच द्यावेत, दुसरा तो दुसराच, असे दुसऱ्याचे. अखेरीस गणिताच्या बाईंनी निकाल काढला: दोन खेळ, दोन वाटे, सहा हजार संघाला, सहा हजार मुलीला. मी हात वर केला. तीन विरुद्ध दोन.

दुसऱ्याच दिवशी एका खेळाडूचे वडील शाळेत आले. त्यांनी भागाकार आधीच करून आणला होता. "गुरुजी, माझ्या पोट्ट्याचे पावणेचारशे अन् तिचे सहा हजार? काहून? तो काय बसून राह्यला होता?" त्यांचा भागाकार बिनचूक होता. मी म्हणालो, चेंडू, जाळी आणि गणवेश शाळेने दिले. तिला शाळेने काय दिले? त्यांनी थोडा विचार केला. "मंग शाळेनं द्याचं व्हतं ना! माझ्या पोराच्या वाट्यातून काहून?" याचे उत्तर मला सुचले नाही. अजून सुचलेले नाही. हल्ली ते बाजारात भेटले तर नमस्कार करतात, पण थांबत नाहीत.

मुलीने त्या पैशातून बूट घेतले. उरलेले आईने ठेवून दिले. परवा सकाळी ती मैदानावर धावत होती. नवे कोरे बूट, पण चाल काही नीट दिसेना. थांबवून विचारले. पाय वाढतो आहे, म्हणून आईने एक नंबर मोठेच घेतले म्हणे. पुढे चिंधी कोंबली आहे.