लष्कराच्या भाकऱ्या

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणाऱ्या माणसाकडे शहाणे लोक कीव करूनच पाहतात. ज्या कामाला मोबदला नाही, ज्यात नाव होईलच असा भरवसा नाही, आणि जे केले नाही म्हणून कोणी जाब विचारणार नाही, ते काम आपण होऊन अंगावर घेणे हा व्यवहारी जगाच्या दृष्टीने निव्वळ वेडेपणा होय. परंतु जगाची कितीतरी चाके अशा वेड्यांच्या बळावरच फिरत असतात. अशा वेड्यांचे एक मोठे गाव आहे. त्याला वेस नाही, चावडी नाही. त्याचे रहिवासी अनेक देशांत विखुरलेले आहेत. या गावाचे नाव डेबियन.

संगणक हा आज्ञावलीवाचून मुका असतो. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स नावाचा गाभा लिहिला आणि तो सर्वांना मोकळा केला. पण गाभा म्हणजे काही सगळे मंदिर नव्हे. लिहिणे, वाचणे, चित्रे काढणे, हिशेब करणे, या सर्वांच्या आज्ञावल्या निरनिराळ्या हातांनी घडलेल्या. त्या पारखून, एकमेकींशी जुळवून, एकसंध संच म्हणून लोकांच्या हाती कोणीतरी द्यावयास हवा होता. १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने हे काम आरंभिले. मैत्रीण डेब्रा आणि आपण स्वतः, अशी दोन नावे जोडून त्याने संचाचे बारसे केले. तो संच फुकट मिळावा, त्याची रचना कोणालाही पाहता यावी, बदलता यावी, आणि बदललेली पुन्हा वाटता यावी, असा त्याचा संकल्प होता.

संकल्प पैशावाचून करता येतो. तो चालविण्यास मात्र पैसा लागतो. १९९४ च्या अखेरीस फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने डेबियनला आधार दिला, पण तो एकच वर्ष टिकला. पुढे १९९६ साली खुद्द मर्डॉकनेही नेतृत्व सोडले. पोरके झालेले काम बहुधा अशा वेळी मोडते. येथे ते मोडले नाही, कारण गावाने आपली घडी स्वतःच बसविली. १९९७ साली ब्रूस पेरेन्स यांच्या नेतृत्वाखाली डेबियनने समाजाशी एक करार जाहीर केला. संच सदैव मोकळाच राहील, त्यातील दोष लपविले जाणार नाहीत, आणि वापरणाऱ्यांचे हित आधी पाहिले जाईल, ही त्या करारातील मुख्य वचने होत. त्याच वर्षी देणग्या सांभाळण्यासाठी अमेरिकेत एक विश्वस्त संस्था निघाली. पुढल्या वर्षी घटना लिहिली गेली. तेव्हापासून दरवर्षी सभासदांच्या मतांनी नेता निवडला जातो. मात्र कोणालाही एखादे काम सक्तीने करावयास लावण्याचा अधिकार त्या नेत्यालाही नाही. वेतन नाही तेथे हुकूम कसला?

मग तेथे चालते तरी कशावर? प्रत्येक आज्ञावलीला कोणीतरी पालक असतो. तिच्यातील दोष काढणे, नवी आवृत्ती आली की ती बसवून पाहणे, तक्रारींना उत्तरे देणे, हे सारे तो नोकरीधंदा सांभाळून करतो. काहींना त्यांचे मालकच या कामासाठी मोकळीक देतात. पुष्कळांना ती मिळत नाही. कधी संसार वाढतो, कधी प्रकृती ढासळते, कधी मनच विटते. अशा वेळी पालक आपली आज्ञावली सोडून देतो. सोडून दिलेल्या आज्ञावलीला तेथे ‘अनाथ’ म्हणतात, आणि ज्याला माया वाटेल तो तिला दत्तक घेतो. या दोन शब्दांत त्या गावाची सारी नीती सामावलेली आहे. थकलेल्याला कोणी दूषण देत नाही. पण त्याने आपण थकलो हे प्रांजळपणे सांगावे, एवढीच अपेक्षा असते. २०२३ सालच्या आवृत्तीत अशा ६४ हजारांहून अधिक आज्ञावली-संपुटांची गणना झाली. त्यांच्यामागचे अधिकृत सभासद सुमारे एक हजार!

देणग्यांचा पैसा यंत्रसामग्रीवर, आणि दूरदूरच्या सभासदांनी वर्षातून एकदा भेटावे म्हणून त्यांच्या प्रवासखर्चावर वेचला जातो. २०२३ च्या सप्टेंबरात ही वार्षिक परिषद केरळातील कोची येथे भरली होती. श्रमाचे मोल मात्र या पैशातून दिले जात नसे. ते देऊन पाहावे काय, हा प्रश्न २००६ साली उभा राहिला. नवी आवृत्ती डिसेंबरात वेळेवर निघावी म्हणून त्या कामाची धुरा वाहणाऱ्या दोघांना काही काळ वेतन द्यावे, अशी योजना नेत्याने व काही सभासदांनी मिळून, डेबियनच्या खजिन्याबाहेरून आखली. हेतू चांगला होता. पण शेजारी बसून तीच भाकरी भाजणाऱ्यांच्या मनात साहजिकच प्रश्न आला : याला दाम, तर मला का नाही? नेत्याला दूर करण्याचा ठरावही मतास आला. तो फेटाळला गेला. परंतु मनाने दिलेले श्रम काहींनी आखडते घेतले. अखेर ती आवृत्ती २००७ च्या एप्रिलमध्ये निघाली.

यावरून पैसा वाईट, असे ठरवून मोकळे होणे सोपे आहे. पण ते खरे नव्हे. जुन्या आवृत्त्यांची राखण करणे हे अत्यंत नीरस काम. त्यात नवनिर्मितीचा आनंद नाही, आणि चूक झाल्यास हजारो यंत्रांना धोका. प्रेमापोटी असे काम वर्षानुवर्षे करणारे थोडेच. म्हणून २०१४ पासून, जुन्या आवृत्त्यांवर ज्यांचा व्यवहार अवलंबून आहे अशा अनेक संस्था वर्गणी काढतात, आणि तीतून हे काम करणाऱ्यांना तासांच्या हिशेबाने वेतन मिळते. ज्याला त्या कामाची गरज, तोच त्याचा भार उचलतो. पैसा तोच, पण तो कोठून आला, कोणत्या कामासाठी आला, आणि शेजाऱ्याच्या मनाला त्याने काय केले, यावर त्याचे पथ्य ठरते.

इयन मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरात निवर्तला. २०१७ सालची आवृत्ती त्याच्या स्मृतीस अर्पण करण्यात आली. ज्याने गाव वसविले तो गेला, आणि गाव नांदत राहिले. २००९ साली निघालेल्या आवृत्तीपासून हा संच मराठीतूनही संगणकावर बसविता येतो. ती एकेक ओळ कोणीतरी बसून मराठीत आणली आहे. ते शब्द ज्यांच्या उपयोगी पडले, त्यांनी अनुवादकाचे नावही ऐकलेले नसेल. लष्कर जेवून पुढे निघून जाते. भाकरी कोणी भाजली हे ते सहसा विचारीत नाही. तरीही चूल विझू न देणारे हात दर पिढीत निघतात. पण त्या हातांना चटके बसतात, तेही थकतात, हे जेवणाऱ्यांनी विसरता कामा नये. निदान सरपणाची एखादी मोळी तरी त्यांनी चुलीपाशी आणून टाकावी.