माळ, मासळी आणि डोळ्यांचा पडदा

उतारवयात दृष्टी अंधूक झाली की 'मोतीबिंदू असेल' असे म्हणून आपण स्वस्थ बसतो. जिते गावी राहणाऱ्या माझ्या आत्यांच्या एका डोळ्यापुढे मात्र अचानक धुके दाटले. वेदना मुळीच नव्हती. तपासणीत डोळ्याच्या पडद्यावरील शीर तुंबल्याचे निदान झाले. रक्तदाब आणि साखर यांच्याबरोबर रक्तातील होमोसिस्टीनही तपासले, ते वाढलेले निघाले.

प्रथिनांच्या पचनानंतर शरीरात तयार होणारे हे द्रव्य ब-१२, ब-६ आणि फॉलिक आम्ल यांच्या साहाय्याने मार्गी लागते. ही जीवनसत्त्वे अपुरी पडली की ते साचते. वाढलेले होमोसिस्टीन आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. आत्यांनी माळ घातली तेव्हापासून मासळी सोडली होती. ब-१२चा मोठा स्रोत तेथेच आटला.

ब-१२च्या गोळ्या वा इंजेक्शने होमोसिस्टीन उतरवतात. परंतु तुंबलेली शीर त्यांनी मोकळी होत नाही. पडद्याला सूज असल्यास नेत्रतज्ज्ञ डोळ्यातच इंजेक्शन देतात. केवळ फॉलिक आम्ल मनाने घेऊ नये. त्याने ब-१२ची उणीव झाकली जाते व मज्जातंतूंची हानी चालूच राहते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांनीही ब-१२ तपासावे.

माळ उतरवण्याचे कारण नाही. दूध, दही आणि वैद्यकीय सल्ल्याने गोळी पुरेशी ठरू शकते. घरातील वृद्धांना अधूनमधून एकेक डोळा झाकून पाहण्यास सांगा. अचानक अंधूक दिसल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्या.